रंभाजींचा जपानी ग्रंथ

दुपारचं जेवण झालं की रंभाजी भिंगारदिवे पुढचं दार लावून घेत, खिडकीचा पडदा ओढत आणि बायकोला, चांगुणाबाईंना, सांगत, "आता जरा पडतो." पडत मात्र नसत. टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसत, चष्मा पुसत आणि नातवाच्या व्हिडीओ गेमचं बटण दाबत.

नातू मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे जामखेडला गेला होता. खेळाचं यंत्र आणि दहा-बारा कॅसेटी भिंगारच्या घरीच राहिल्या होत्या. बहुतेक कॅसेटींत नुसत्या उड्या आणि पळापळ. ती बघूनच रंभाजींचे गुडघे दुखायचे. पण एक कॅसेट वेगळी निघाली. तिच्यातला तरुण गावातून सावकाश चालायचा, लोकांच्या घरी जाऊन बोलायचा, दुकानात खरेदी करायचा, धर्मशाळेत मुक्काम करायचा आणि गावाबाहेर राक्षसांशी लढायचा. लढाईतसुद्धा घाई म्हणून नाही. आपला विचार होईपर्यंत राक्षस थांबून राहायचा. "हा सभ्य खेळ हाय," असं रंभाजींचं मत पडलं. अडचण एकच होती. खेळातलं सगळं लिखाण जपानी होतं.

आणि दुसरी अडचण भिंगारची होती. रंभाजी विहार समितीचे सचिव. जानेवारीतच त्यांनी चाळीस सह्या गोळा करून वेशीजवळच्या गाळ्यातलं गेम पार्लर बंद पाडलं होतं. त्या वेळी "हे खेळ म्हंजी पोरांच्या बुद्धीला लागलेली वाळवी" या विषयावर ते वीस मिनिटं बोलले होते. त्या गाळ्यात आता रसवंती होती, आणि तोच मालक अजून रंभाजींचा ग्लास अर्धाच भरायचा. हेच रंभाजी दुपारी पडदा ओढून राक्षस मारतात हे बाहेर कळलं असतं, तर त्यांना वेस ओलांडणं मुश्कील झालं असतं.

"लागली का वाळवी?" चांगुणाबाई आतून विचारत.

"हळू बोल गं! शेजारची कडूबाई ओट्यावर बसलीया."

आठ दिवस झाले तरी तरुण पहिल्या पुलापलीकडे गेला नव्हता. पुलावर एक तांबडा विंचू होता, बैलाएवढा. रंभाजींनी पै पै जमवून तलवार घेतली, ढाल घेतली, डोक्याला टोप घेतला. काही उपयोग झाला नाही. विंचू नांगी मारायचा आणि तरुण आडवा व्हायचा. रंभाजींना त्या पोराची फार दया यायची. त्यांना रात्री जेवण गोड लागेना.

गावातले तिघे जण काहीतरी महत्त्वाचं सांगत असणार, अशी त्यांची खात्री पटली. एक विहिरीजवळची बाई, एक धर्मशाळावाला आणि एक शस्त्राच्या दुकानाशेजारी उभा असलेला शिपाई. बोलायला गेलं की तिघंही रोज तेच ते सांगत. रंभाजींनी वही काढली आणि तिघांचं बोलणं पडद्यावरून जसंच्या तसं उतरवून घेतलं. एकतीस वर्षं लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. अक्षर असं की अधिकारी बघत राहायचे.

आता वाचणारा हवा होता. तो असा अचानक चालून येईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

बुद्धपौर्णिमेच्या तयारीची बैठक होती. अध्यक्ष भिमाजीभाऊ म्हणाले, "औंदा प्रवचनाला येनारे भन्तेजी लई मोठे हायेत. सात वर्षं जपानला हुते."

रंभाजींनी चहाचा कप खाली ठेवला. "जपानी वाचता येतं का त्यान्ला?"

"येत आसंलच की. तुला काय करायचंय?"

"न्हाई, थोडं लिखाण हुतं. वाचून घेतलं आसतं." रंभाजींनी वही पुढे केली.

भिमाजीभाऊंनी ती उलटी धरली, मग सुलटी धरली. दोन्हीकडून सारखंच कळलं. "कुठलं हाय हे?"

खरं उत्तर रंभाजींच्या ओठांपर्यंत आलं, पण समोर जानेवारीतल्या सह्यांपैकी अकरा सह्या बसल्या होत्या. "डेपोतलं," ते म्हणाले. "एक जुनी पेटी हुती. तिच्यात."

"युद्धाच्या टायमाची पेटी?"

"आसंल."

"म्हंजी कुना जपानी सैनिकाची! आन जपानी म्हंजी बौद्ध! रंभाजी, आरं धम्माचं लिखाण हाय हे!"

"तसं काय मी म्हनलो न्हाई, भाऊ..."

पण भिमाजीभाऊंना कोणतीही गोष्ट लाऊडस्पीकरशिवाय सांगता येत नसे. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं. दुसऱ्या दिवशी पेटीतून लिखाणाबरोबर चीवराचा तुकडाही निघाल्याचं कडूबाईंनी चांगुणाबाईंनाच येऊन सांगितलं. तिसऱ्या दिवशी विहाराच्या फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं गेलं: 'प्राचीन जपानी धम्मलेखाचे जाहीर वाचन. संशोधक: आयु. रंभाजी भिंगारदिवे.'

"संशोधक!" चांगुणाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "अवो, अजून टाईम हाय. सांगून टाका."

"कसं सांगू? जानेवारीत भाषन केलंय मी."

"मी हुते की ऐकायला. ईस मिन्टं."

"भन्तेजींनाच आधी गाठून सांगतो," असं रंभाजींनी ठरवलं. पण भन्तेजींची गाडी पुण्याहून यायला उशीर झाला. ते उतरले ते थेट मंचावरच गेले. विहारात मुंगी शिरायला जागा नव्हती. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, भिंतीपाशी उभी राहिलेली माणसं. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं तेव्हा रंभाजींनी नुसतेच ओठ हलवले. शेजारी चांगुणाबाईंनी ते शील मुद्दाम मोठ्यानं म्हटलं.

मग भिमाजीभाऊंनी वही फुलांच्या तबकात ठेवून भन्तेजींपुढे नेली.

भन्तेजींनी ती उघडली. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. त्यांची भुवई किंचित वर गेली. तिसऱ्या ओळीला त्यांनी वही तोंडासमोर धरली आणि बराच वेळ तशीच ठेवली. आपली अब्रू आता त्या वहीमागे आहे हे रंभाजींना पक्कं ठाऊक होतं.

"हे कुणी उतरवलं?" भन्तेजींनी विचारलं.

रंभाजी उभे राहिले. "मी, भन्तेजी."

"अक्षर फार सुंदर आहे. बसा. इथे जे लिहिलंय ते मी तसंच वाचतो." त्यांनी घसा साफ केला. "पहिली ओळ. 'आमचं गाव लहान आहे, पण इथली माणसं चांगली आहेत.'"

"साधु! साधु! साधु!" सभा म्हणाली. भिंगारचंच वर्णन आहे असं पुष्कळांना वाटलं.

"दुसरी ओळ. 'दमला असाल तर इथे विसावा घ्या. सकाळी अंगात पुन्हा बळ येईल.'"

"साधु! साधु! साधु!" आता म्हाताऱ्या बायांचे डोळे पाणावले.

"आणि तिसरी. 'शस्त्र नुसतं विकत घेऊन पिशवीत ठेवू नका. हातात धरल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही.'"

सभा एकदम शांत झाली. त्या शांततेत रंभाजींच्या तोंडून स्पष्ट निघालं, "आयला!"

सगळ्या माना वळल्या. भिमाजीभाऊ डोळे पुसत शेजाऱ्याला म्हणाले, "काळजाला लागलं रंभाजीच्या."

काळजाला लागलंच होतं. तलवार, ढाल, टोप, सगळं पिशवीत होतं. एकदाही बाहेर काढलेलं नव्हतं. एकतीस वर्षांची सवय. जुनी वस्तू पार झिजल्याशिवाय नवी द्यायची नाही. तो बिचारा तरुण तेरा दिवस हातातल्या काठीनं बैलाएवढ्या विंचवाशी लढत होता आणि पिशवीत कोरं करकरीत सामान घेऊन मरत होता.

भन्तेजींनी मात्र त्या ओळीवर पाऊण तास प्रवचन दिलं. शिक्षण हेच शस्त्र. पदवी घेऊन ती ट्रंकेत ठेवली तर काय कामाची? वाचलेलं वागण्यात यायला हवं. लोक भारावून गेले. नंतर अनेक जण म्हणाले की असं प्रवचन भिंगारात याआधी झालं नव्हतं. रंभाजींनी त्यातलं एकही अक्षर ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पूल होता.

खीर वाटून झाली आणि भिमाजीभाऊंनी माईक धरला. "आता समद्यांनी रंभाजीच्या घरी जायचं, आन मूळ पेटी वाजतगाजत विहारात आनायची!"

तेवढ्यात भन्तेजी उठले. "मूळ लेख आधी मी बघतो. गर्दी नको."

घरी आल्यावर चांगुणाबाईंनी खुर्चीवर पांढरं वस्त्र घातलं. भन्तेजी दुपारनंतर जेवत नसत, म्हणून लिंबाचं सरबत दिलं. दार सताड उघडं होतं आणि ओट्यावर कडूबाई होत्याच. रंभाजींनी हात जोडले. मग टीव्हीवरचं विणलेलं झाकण काढलं.

"पहिल्या ओळीलाच ओळखलं मी," भन्तेजी हळू आवाजात म्हणाले. "जपानात मी ज्या घरी राहायचो, तिथली दोन्ही मुलं हेच घेऊन बसायची."

"मग सभेत बोलला का न्हाई, भन्तेजी?"

"लिहिलं होतं ते वाचलं. एक अक्षर खोटं सांगितलं नाही. तुमचं काय?"

रंभाजींनी झाकणाची घडी घालून ती बाजूला ठेवली. सामान पिशवीत पडलंय हे कळल्यापासून त्यांचे हात शिवशिवत होते. त्यांनी हळूच यंत्राचं बटण दाबलं आणि तरुणाची पिशवी उघडली; पडद्यावर जपानी यादी आली.

"यादीतली तिसरी ओळ," भन्तेजी म्हणाले. "'अंगावर चढवा' असं लिहिलंय तिथे. मी खेळत नाही हं. भिक्खूंना खेळ वर्ज्य आहे. मी फक्त वाचतोय."

रंभाजींनी तरुणाच्या हातात तलवार दिली, डोक्यावर टोप चढवला आणि त्याला पुलावर नेलं. तीन घाव, आणि विंचू नाहीसा झाला. रंभाजींच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. पलीकडे रस्त्याला दोन फाटे होते आणि मध्ये एक म्हातारा उभा होता. तो दोन ओळी बोलला.

"काय म्हनतोय, भन्तेजी?"

भन्तेजींनी सरबताचा घोट घेतला. "सांगेन की. आधी भिमाजींना खरं सांगून या."

"आत्ता?"

"मला खोटं बोलता येत नाही. पण गप्प बसता येतं."

रंभाजींनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग चपला घातल्या आणि मान खाली घालून निघाले.

ते वळणापर्यंत गेल्याची खात्री करून चांगुणाबाई सतरंजीच्या कडेला बसल्या. "भन्तेजी, मी तर कुनाशी काय खोटं बोलले न्हाई."

भन्तेजींनी थोडा विचार केला. मुद्दा बिनतोड होता. "उजवीकडे जा म्हणतोय. डावीकडे दलदल आहे."

तिकडे भिमाजीभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सुपारी कातरायला घेतली. रंभाजींना वाटलं, आता सचिवपद गेलं, वस्तीत तोंड दाखवायची सोय गेली. "आरं पन," शेवटी भाऊ म्हणाले, "तिसरी ओळ भिंतीवर रंगवायला सांगून बसलोय मी. पेंटरनं अर्धी रंगवली बी."

"पुसायला लावू का?"

"कशापाई? खोटं तू बोललास. ओळ खरी हाय. सोमवारी बैठकीत उभा ऱ्हा आन सांग समद्यान्ला." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "चल, मला दाव तरी. बघू कसली वाळवी हाय ती."

दोघे घरी पोचले तेव्हा टीव्हीवर भलतंच मोठं शहर होतं. भन्तेजी खुर्चीवर ताठ बसून वाचत होते. कडूबाई ओट्यावरून आत येऊन सतरंजीवर बसल्या होत्या. यंत्राची बटणं चांगुणाबाईंच्या हातात होती, आणि पडद्यावर एका तरुणाऐवजी चौघे जण एका ओळीत चालत होते.

"हे तिघं कोन?" रंभाजींनी विचारलं.

"मानसं जोडली," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमी तेरा दिस त्याला एकट्यालाच मरायला धाडीत हुता."

भिमाजीभाऊ चपला काढून कडूबाईंच्या शेजारी टेकले. "वयनी, त्या कोपऱ्यातल्या म्हातारीशी बोला बरं. कायतरी सांगायचंय तिला."

सतरंजीवर आता जागा उरली नव्हती. रंभाजी मागे उभेच राहिले.

"अवो, उभं काय ऱ्हायलात?" चांगुणाबाई मागे न बघता म्हणाल्या. "भाऊजींना सरबत करा. साखर खालच्या फळीवर हाय."