झेनॉन आणि नारदाची गादी

रामनवमीच्या तोंडावर आमच्या नेहमीच्या बुवांचा घसा बसला, तेव्हा मल्लेश्वरमच्या मंडळात मी छाती ठोकून सांगितलं, "यंदाचं कीर्तन मी करतो! जन्मभर ऐकलंय, उभं राहायला असं काय लागतं?"

"आवाज लागतो," अध्यक्ष प्रतापराव म्हणाले.

तिथंच घोडं अडलं! घरी दशरथापुढं प्रकटणाऱ्या यज्ञपुरुषाचं वाक्य खड्या आवाजात म्हणून पाहिलं, तर आतून बायको, सुखदा, ओरडली, "अहो, कुकर बंद करा!"

सुखदाचा भाऊ पद्मनाभ बोम्मसंद्र्याला गॅसच्या कारखान्यात आहे. तो म्हणाला, "भावोजी, झेनॉन! कोटी भाग हवेत जेमतेम एक भाग सापडतो. उपग्रह ढकलायला वापरतात. हवेच्या चौपट जड, त्यामुळे आवाज एकदम खर्जात! पण स्वल्पच हं. भूल द्यायलाही हाच चालतो. आणि छातीत बसून राहतो. लगेच खाली वाकून बाहेर सोडायचा."

त्यानं फुगा आणला. हातातून सुटला तर वर जायचं सोडून धप्पकन माझ्या पायावर!

नवमीच्या दुपारी डोक्याला फेटा, उपरण्याखाली फुगा. चिपळ्या घेऊन नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकाराच्या जागी, उभा राहिलो. अखेर कथेतल्या यज्ञात ज्वाळा उसळल्या! मी पाठ फिरवून फुगा तोंडाला लावला. स्वल्प? प्रसाद कुणी स्वल्प घेतं का? सगळा ओढला!

"राजा दशरथा!"

सभागृह हादरलं! गूळपाण्याचं पानक वाटणारे जागीच थिजले. पेंगणारे प्रतापराव ताठ झाले.

"वाका!" पद्मनाभ पुढून हातवारे करत ओरडला, "अहो, वाका!"

मी कसा वाकणार? नारदाच्या गादीवरचा बुवा कुणापुढं वाकत नाही, मेहुण्यापुढं तर नाहीच! प्रतापरावांना वाटलं, हे श्रोत्यांना सांगणं आहे. ते वाकले. त्यांच्यामागं अख्खी सभा वाकली! उभा मी एकटाच. मग समया दोनाच्या चार झाल्या आणि मी थेट पेटीवर कोसळलो.

डोळे उघडले तेव्हा पद्मनाभनं मला पालथा करून डोकं खाली धरलं होतं आणि सुखदा तोंडावर पानक शिंपडत होती. पाळणा बायकांनीच म्हटला. रामराय माझ्यासाठी थोडेच थांबणार!

प्रतापराव डोळे पुसत जवळ आले. "बुवा, काय तो भाव! काय ती समाधी! पुढच्या वर्षीही यायचंच!"

"कीर्तनाला?" माझा कुकर पुन्हा वाजला.

"छे छे! कीर्तनाला नेहमीचे बुवा आहेत. तुम्ही आपलं तेवढं पडायला या!"