काळं दार आणि मुशेगचं पाकीट

पंचाहत्तराव्या वर्षी मी जिन्यात उभं राहून जाहीर केलं, "उन्हाळ्याच्या आत मी अर्मेनियन वाचायला शिकणार. शिक्षक नको, शिकवणी नको. एकटीनं!"

"एम्मा, पन्नास वर्षं येरेवानात राहून तुला बसवरची पाटी वाचता येत नाही," समोरच्या दारातली आरुस्याक म्हणाली. "आता काय, रेडिओवर बातम्या देणार?"

तिचं खरं होतं. मी अर्मेनियनच, पण बाकूत वाढलेले. शाळा रशियन, घर रशियन. लग्न होऊन इथं आले आणि भाषा कानांनी शिकले, भांडता येईल इतकी पक्की! अक्षरांशी मात्र कधी जमलं नाही. आणि माझा नवरा मुशेग डोंगरातल्या खेड्यातला, त्याला फक्त अर्मेनियनच लिहिता यायचं. तो दूर काजारानला तांब्याच्या खाणीवर होता. तीन-तीन महिने घरी नाही. पत्रं यायची, ती मला आरुस्याक वाचून दाखवायची.

काय पत्रं होती म्हणून सांगू! "एम्मा, बर्फ वितळून ओढा वाहायला लागला की मला वाटतं, स्वयंपाकघरात तूच नळ उघडलास." आरुस्याक वाचायची आणि मी तिच्या ओट्याला टेकून रडायची. तोच मुशेग घरी आला की "मीठ दे"च्या पुढं जायचा नाही! मी म्हणायची, लाजाळू आहे बिचारा, कागदावरच फुलतो.

एक पाकीट मात्र आरुस्याककडे गेलं नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या पानगळीत मुशेगनं ते स्वतः माझ्या हातात ठेवलं. "हे तुझं तू वाचायचं. दुसऱ्या कुणाकडून नाही."

"उद्यापासून शिकते," मी म्हटलं.

तो उद्या काही उगवला नाही. दर वर्षी तो विचारायचा, "वाचलंस?" मी म्हणायची, "शिकतेय ना!" मग त्यानं विचारायचं सोडलं. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून खण उघडला की ते पाकीट माझ्याकडे बघायचं.

(त्याच पानगळीत माझं खिम्याचं यंत्रही घरातून नाहीसं झालं. आईनं बाकूहून दिलेलं, बिडाचं! मी नणंदेवर संशय घेतला आणि तिच्याशी अकरा वर्षं बोलले नाही. पण ते असो.)

तर मी लहान मुलांचं पहिलीचं पुस्तक आणलं. एकोणचाळीस अक्षरं! निम्मी घोड्याच्या नालेसारखी, उरलेली दाराच्या कडीसारखी. सगळी एकाच आईची जुळी लेकरं! डोळ्यांना ती भांडायची. म्हणून मी ठरवलं, मोठा फळाच करायचा. जुन्या कपाटाचं दार काढलं, त्याला काळा रंग फासला, इमारतीच्या दाराशी भिंतीला टेकवून वाळायला ठेवलं आणि खडू आणायला गेले. फोन घरीच. वाचायचा चष्मा पुस्तकावर.

आता, आमच्याकडे कुणी गेलं की शवपेटीचं झाकण इमारतीच्या दाराशी उभं करतात. येणारा-जाणारा ते बघतो, टोपी काढतो आणि विचारतो, "कोण?" माणसाच्या उंचीचं, काळं, भिंतीला टेकवलेलं! जन्मभर पाहत आले होते मी. पण त्या सकाळी डोक्यात घोड्याच्या नाला नाचत होत्या.

खडू तिसऱ्या दुकानात मिळाला. दुकानवालीनं कॉफी पाजली आणि रिकामा कप उपडा करून त्यातल्या गाळावरून भविष्यही सांगितलं. "आज तुझ्या घरी खूप माणसं येणार बघ!"

"माझ्याकडे कोण येतंय?" मी हसले.

परतले तर अंगणात बाकं मांडलेली, माणसं मुकाट उभी. तळमजल्यावरचा पार्गेव, ज्याला हातभर अंतरावरचं दिसत नाही, टोपी छातीशी धरून बसला होता.

"कोण गेलं?" मी हळूच विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावरची एम्मा. भांडखोर होती, पण बरी होती."

"अगं बाई! कशानं?"

"अभ्यासानं म्हणतात."

मी जिना कसा चढले ते माझ्या गुडघ्यांना विचारा! दार सताड उघडं. आरशावर चादर टाकलेली, मयताच्या घरी टाकतात तशी. खोलीत बायका दाटीवाटीनं बसलेल्या आणि मधे आरुस्याक, हातात मुशेगचं पाकीट, फोडलेलं! ती वाचत होती:

"एम्मा, खाणीत दिवा विझला तरी मी घाबरत नाही. तुझं नाव घेतो आणि वाट दिसते..."

बायका हुंदके देत होत्या. खरं सांगते, मलाही हुंदका आला. माझा मुशेग बोलत होता! मग भान आलं आणि मी ओरडले, "थांब!"

किंकाळ्या उठल्या. मयतासाठी आणलेली कार्नेशनची फुलं उडून छताला लागली. एक बाई खुर्चीसकट मागं पडली.

"तू... तू मेली नाहीस?" आरुस्याक पांढरीफटक.

"माझं पत्र फोडलंस!"

"खाली झाकण बघितलं! आत फोन वाजतोय, तू उचलत नाहीस. तू ठेवायला दिलेल्या किल्लीनं उघडलं, तर पुस्तकावर चष्मा! चष्म्याशिवाय तू कुठं जातेस? म्हटलं, शवागारात नेलं असणार. न वाचताच गेली बिचारी, निदान तिच्या आत्म्याला तरी ऐकवावं!"

"मेल्यावर तरी जरा धीर धरायचास, आरुस्याक!"

मी कानांत बोटं घातली. "पुढचं कुणी एक अक्षर सांगायचं नाही! मी वाचणार आहे!"

मग काय, बायकांनी आणलेले केक होतेच. बसून खाल्ले.

त्या दिवसापासून सगळी इमारत माझ्या मागं लागली. जिन्यात विचारायचे, "खाणीतल्या दिव्यापर्यंत पोहोचलीस का?" एकटी आरुस्याक म्हणायची, "डोळ्यांना ताण कशाला देतेस, जान? मी वाचते ना."

काळ्या दारावर एकेक शब्द उतरवत सव्विसाव्या दिवशी मी पत्र संपवलं. दिवा कुठंच नव्हता. मुशेगनं लिहिलं होतं:

"एम्मा, मला लिहिता येत नाही. मी लिहितो, बरा आहे, मोजे पाठव, चीज खारट होतं. घरी आलो की तू मला भलतीच वाक्यं ऐकवतेस आणि डोळ्यांत पाणी आणून बघतेस. ती आरुस्याक रचते. मी तिला जाब विचारायला गेलो. तिनं माझंच पत्र मला वाचून दाखवलं. ऐकलं आणि कळलं, मला हेच लिहायचं असतं. तिला म्हटलं, अशीच वाचत जा. त्या बदल्यात खिम्याचं यंत्र मी तिला दिलं. माझ्या बहिणीशी बोल."

अडतीस वर्षं वाट बघत राहिला बिचारा, मी कधी वाचते याची!

मग उठले, किलोभर मांस आणलं आणि पाकीट घेऊन समोरचं दार वाजवलं.

आरुस्याकनं आधी पाकिटाकडे बघितलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. "वाचलंस?"

"कुठलं! माझ्या डोळ्यांना नाही झेपत. तूच वाच."

तिनं चष्मा चढवला, घसा साफ केला. मी नेहमीसारखी ओट्याला टेकले.

"एम्मा," तिनं सुरुवात केली, "इथं रात्रभर बर्फ पडतंय..."

"थांब जरा," मी म्हटलं. "आधी यंत्र काढ. खिमा काढता काढता ऐकते!"