बे एके बेसूर

कोल्हापूरच्या दैनिक 'रणहलगी'त दर शुक्रवारी सहाव्या पानावर नव्या अल्बमांचं परीक्षण येई आणि ते अंबादास सबनीस लिहीत. सकाळी शाळेत भूगोल शिकवायचा, दुपारी अल्बम ऐकायचे, असा त्यांचा अकरा वर्षांचा क्रम होता. जिल्ह्यात अल्बमांना तोटा नव्हता. पूर्वी वाढदिवसाला लोक चौकात फलक लावत, आता फलक लावून शिवाय गातही. जोतिबाच्या भक्तिगीतांपासून नव्या ट्रॅक्टरच्या स्वागतगीतांपर्यंत आठवड्याला पाच-सहा अल्बम सबनीसांच्या टेबलावर येऊन पडत.

संपादक गणपतराव यांचं धोरण स्पष्ट होतं. जिल्ह्यातला प्रत्येक गायक कुणाचा तरी मेहुणा असतो, म्हणून कुणालाही दुखवायचं नाही. सबनीसांचा कान मात्र चांगला होता, आणि ती त्यांची अडचण होती. तिच्यातून त्यांनी हळूहळू एक भाषा तयार केली. ताल चुकणाऱ्याबद्दल ते लिहीत, 'गायक तालाशी आदरयुक्त अंतर राखतो.' आवाज फाटला तर, 'स्वर आपल्या मर्यादा ओलांडतो.' शेवटचा शब्द ठरलेला असे : सुरेल. अकरा वर्षांत सबनीसांनी सहाशेच्या वर माणसं सुरेल ठरवली. गाणाऱ्यांच्या घरी ती कात्रणं देवाच्या शेजारी चौकटीत लागली.

घोटाळा झाला तो जागेमुळे. दूध संस्थेचे अध्यक्ष बाळासो यांचा 'धारोष्ण' नावाचा अल्बम निघाला, त्याच आठवड्यात त्यांचा वाढदिवस आला आणि सहाव्या पानावर बाळासोंच्या हसऱ्या चेहऱ्याची जाहिरात उतरली. ती एवढी मोठी होती की परीक्षणाला एका शब्दाचीच जागा उरली. पान छपाईला जायचं होतं. गणपतरावांनी सबनीसांना फोन करून एकच शब्द मागितला. सबनीस त्या वेळी 'धारोष्ण'मधलं आठवं गाणं ऐकत होते. एका शब्दात अंतर राखता येत नाही. त्यांच्या तोंडून खरं तेच निघून गेलं.

शुक्रवारी सकाळी बाळासोंच्या चेहऱ्याखाली ठळक अक्षरांत छापून आलं : 'बेसूर.'

दहाच्या सुमारास अकरा गाड्या कार्यालयासमोर येऊन थांबल्या. गणपतराव मागच्या दाराने बातमी आणायला गेले. सबनीस खुर्चीत बसून राहिले. बाळासो वर आले, त्यांनी सबनीसांच्या गळ्यात हार घातला आणि डोळे पुसले.

"अकरा वर्षं तुमचं वाचतोय," बाळासो म्हणाले. "समद्यास्नी सुरेल म्हनतासा. सुरेल तर आमच्या गल्लीत कोनबी हाय. बेसूर म्हटलेला मी पयलाच की."

सबनीसांनी खुलासा करण्यासाठी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यात पेढा गेला. उरलेला खुलासा बाळासोंबरोबर आलेल्या एका प्राध्यापकांनी केला. बे म्हणजे दोन, हे पाढ्यावरून सिद्ध आहे. तेव्हा बेसूर म्हणजे एकाच वेळी दोन सूर लावणारा. सामान्य गायकाला एक लावतानाच दम लागतो. हा खुलासा पुढच्या अंकात पहिल्या पानावर आला.

सोमवारपासून रांग लागली. पूर्वी सुरेल ठरलेले सहाशे लोक आपली कात्रणं घेऊन फेरतपासणीसाठी आले. एका भजनी मंडळाने आपल्यात दहाजण दहा सुरांत गातात, मग आम्हाला दोनच का, अशी रास्त हरकत घेतली. तेव्हा गणपतरावांनी वर्गवारी ठरवून दिली : बेसूर, तिसूर, चौसूर. अर्ज तीन प्रतींत, सोबत दोन फोटो. गायनशाळांनी आपले अभ्यासक्रम बदलले. जुन्या विद्यार्थ्यांना सूर विसरायला सहा महिने लागत. नवीन मुलं पहिल्याच दिवशी उत्तीर्ण होत, त्यामुळे पालक समाधानी होते. पेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे लोक चांगल्या पेट्या बिघडवायला आणू लागले. तो म्हणे की हे काम जास्त सोपं आहे.

पुढे जिल्हा संगीत महोत्सवाच्या समितीने ठराव केला की बेसूर प्रमाणपत्राशिवाय कुणालाही मंचावर चढू देऊ नये. समितीचे अध्यक्ष बाळासो होते. प्रमाणपत्रावर सही सबनीसांची लागे. सबनीस सही करत. घरी त्यांनी मन लावून ऐकणं बंद केलं होतं. कुकरची शिट्टीदेखील त्यांना आता आवडू लागली होती, कारण ती निदान एका सुरात वाजे.

अशात क्रांती नावाच्या मुलीचा अल्बम आला. ती एसटीत कंडक्टर होती, कोल्हापूर–चंदगड गाडीवर. नऊ वर्षं ती गाणं शिकत होती आणि चंदगडच्या बायका भात लावताना म्हणतात त्या चालींवर तिने स्वतः सहा गाणी बांधली होती. सबनीसांनी सवयीने अल्बम लावला आणि चहाचा कप तोंडाशी नेला. गाणं संपलं तेव्हा कप तिथेच होता आणि चहा गार झाला होता. त्यांनी सहाही गाणी पुन्हा ऐकली, मग कागद ओढला आणि जे वाटलं ते लिहिलं. शेवटी शब्द आला, 'सुरेल.' अकरा वर्षांत हा शब्द त्यांनी प्रथमच खरा म्हणून लिहिला होता.

परिणाम फार वाईट झाला. डेपोतल्या सहकाऱ्यांनी क्रांतीच्या हातात सांत्वनाचं नारळपाणी ठेवलं. हातकणंगल्याहून तिला स्थळ आलं होतं. त्या मंडळींनी निरोप पाठवला की मुलगी सुरेल असल्याचं आधी सांगायला हवं होतं. महोत्सवाचा अर्जही परत आला. तेव्हा ती सबनीसांना भेटायला शाळेत आली. ती भांडली नाही. आपलं नेमकं काय चुकलं, एवढंच तिने विचारलं. काहीच चुकलं नाही, हे तिला समजावताना सबनीसांचा भूगोलाचा तास बुडाला.

शेवटी समितीने तिला तोंडी सुनावणी दिली. नियमाप्रमाणे बेसूर गाण्यासाठी तीन संधी होत्या. पहिल्या वेळी क्रांतीने डोळे मिटून सूर सोडायचा प्रयत्न केला. सूर तिला सोडीना. दुसऱ्या वेळी तिने कापसाने कान बंद केले, तरी आवाज जागेवरच लागला. सदस्य एकमेकांकडे काळजीने पाहू लागले. तिसऱ्या वेळी तिने कापूस काढून टेबलावर ठेवला आणि सरळ गायला सुरुवात केली. खोलीतला पंखा कुणीतरी बंद केला. गाणं संपलं तेव्हा बाळासो खिडकीकडे तोंड करून उभे होते, त्यांचे खांदे हलत होते. इतिवृत्तात नोंद झाली : 'उमेदवार अपात्र. सुनावणीदरम्यान अध्यक्षांना डोळ्यांचा त्रास झाला.'

बाळासो मनाने वाईट नव्हते. त्यांनी खास बाब म्हणून कोरं प्रमाणपत्र मागवलं आणि सबनीसांसमोर ठेवलं. सही झाली की पोरगी मंचावर गाऊ शकेल, लोकांना काय कळणार आहे, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. सबनीसांनी पेन उघडलं. सही केली तर तिचं गाणं हजारो लोकांपर्यंत जाणार होतं, पण बेसूर म्हणून. त्यांनी क्रांतीकडे पाहिलं.

"राहू दे, सर," ती म्हणाली. "चार वाजताची गाडी हाय माझी."

तिने तिकिटांचं मशीन खांद्याला लावलं आणि ती निघून गेली. सबनीसांनी पेन मिटलं, स्तंभाचा राजीनामा त्याच कोऱ्या प्रमाणपत्राच्या पाठीवर लिहिला आणि तेही बाहेर पडले.

महोत्सव थाटात झाला. बाळासोंना चौसूर किताब मिळाला, आणि ज्यांना गाणं सोसलं नाही त्यांनी तर जास्तच टाळ्या वाजवल्या. सबनीस आता दर रविवारी चंदगडची गाडी पकडतात. घाट लागला आणि गाडी रिकामी झाली की क्रांती मागच्या बाकावर बसून गाते. ऐकणारे दोघेच असतात, सबनीस आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरचं लक्ष वळणांकडे असतं.

क्रांतीवर अन्याय झाला असं वाचकांना वाटत असेल, तर ते त्यांच्या चांगुलपणाला शोभणारंच आहे. फक्त एक विचारायचं राहिलं. तिचं एकही गाणं तुम्ही ऐकलेलं नाही. मग ती सुरेल आहे, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? छापून आलं म्हणूनच ना?