तटस्थ व्याही

मुलीच्या लग्नाची बोलणी करायला जाताना माणूस फार तर पेढ्यांचा पुडा नेतो. बारामतीच्या साहेबरावांनी पश्चिम आशियाचा नकाशा नेला.

त्यांचाही इलाज नव्हता. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बियाण्यांच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी आंतरराष्ट्रीय घडामोडींची स्वतंत्र अभ्याससंस्था काढली होती. सरकारचा पैसा नाही, पक्षाचा नाही आणि बाजू तर कोणाचीच नाही, हे तिचं ब्रीद. साल ब्याण्णव. संस्था तुर्कस्तानच्या नव्या धरणाचा अभ्यास करत होती, आणि नेमका तेव्हाच अंथुर्ण्याच्या आबाजींचा निरोप आला, "येवढा विद्वान व्याही मिळतोय, आधी गावाला चार शब्द ऐकवा, मग बोलणी करू."

"तितं लेकीचं बोला, दुनियेचं नगं," भागुबाईंनी एसटीतच नवऱ्याला बजावलं होतं. मेघनाला मुलगा पसंत होता, मुलाला मेघना. बँकेत नोकरीला असलेला आबाजींचा बुद्धघोष हातचा जाऊ नये, एवढंच त्या माउलीचं मागणं होतं.

विहारापुढं सतरंज्या अंथरल्या होत्या. वंदना झाली. साहेबरावांनी नकाशा लिंबाच्या झाडाला टांगला आणि छडी फिरवली.

"ही युफ्रेटिस नदी. वर तुर्कस्तान, खाली सिरिया. तुर्कस्ताननं धरण बांधलं आणि ते भरायला महिनाभर नदी अडवली."

लोक जांभया देतील, असा त्यांचा अंदाज होता. पण अंथुर्णं पडलं कालव्याच्या शेपटाला, आणि पाणी येणार बारामतीकडून. सगळं गाव सरसावून बसलं.

"म्हंजी वरच्यांनी आडवलं?"

"महिनाभर."

"आन् सिरियाचा ऊस?"

"तिथं कापूस जास्त."

"जळाला आसंल," म्हाताऱ्या मुक्ताबाई हळहळल्या. "लेकराबाळांची मानसं ती!"

आबाजींनी टोपी सारखी केली. "मंग सर, तुमची संस्था कुनाच्या बाजूनं?"

"कोणाच्याच नाही. आम्ही तटस्थ."



"तटस्थ!" आबाजी म्हणाले. "बारामतीत ऱ्हाऊन तटस्थ व्हायला काय जातंय? ज्याचं रान भिजलं त्याला समदं जमतं. आमच्या पोराची सासुरवाडी तुर्कस्तानात? न्हाय जमायचं. ही सोयरीक हितंच थांबवा."

खांबाआड उभ्या बुद्धघोषचा चेहरा पडला. भागुबाईंनी नवऱ्याचा सदरा ओढला. "म्हना की सिरिया! तुर्कस्तानात काय तुमचा मेव्हना ऱ्हातोय?"

"अगं, संस्थेचं ब्रीद..."

"मग ब्रीदालाच जावाई करा!"

 साहेबरावांच्या डोळ्यांपुढं मेघना आली आणि 'सिरिया' हा शब्द अगदी ओठांवर आला. पण जन्माची खोड! नकाशा पुरता दाखवल्याशिवाय निष्कर्ष काढणं त्यांच्या जिवावर यायचं.

"आबाजी, नदी सिरियात संपत नाही," ते अजिजीनं म्हणाले. "त्याच्याही खाली इराक आहे. सिरियानंही मागं एक धरण बांधलं, तेव्हा इराकचं पाणी तुटलं. दोघांत लढाई व्हायची पाळी आली होती."

मागच्या सतरंजीवरून तात्याबा उठला. हा आबाजींचा चुलतभाऊ. दोघांची रानं कालव्याच्या एकाच चारीवर, आबाजींचं वर आणि तात्याबाचं खाली.

"पुन्यांदा सांगा, सर. सिरिया वर बघून बोंबलतोय, आन् खालच्याचं पानी सोताच आडवतोय?"

"तसं इराकचं म्हणणं आहे."

"इराकचं खरंच हाय!" तात्याबा आबाजींकडं वळला. "माझ्या पान्याच्या पाळीला चारीत मातीची पोती कोन टाकतंय?"

पहिल्यांदा मुक्ताबाई हसल्या. "आगं बया! आबाजी, म्हंजी तुमीच सिरिया व्हय!" मग सगळी सभा खिदळली.

तात्याबा मात्र हसत नव्हता. "सर, तुमी शिकल्याली मानसं. इराकची बाजू बरोबर हाय का न्हाय, येवढं गावादेखत सांगा."

साहेबरावांनी तोंड उघडलं. आबाजी ताडकन उभे राहिले.

"सरांना कशाला मधी घेता? त्यांची संस्था तटस्थ हाय!"

"मगाशी तर तुमीच..." तात्याबा बोलू लागला.

"मगाशी मी परीक्षा घेत हुतो. लेकीची सोयरीक मोडंना का, पन मानूस जाग्यावरनं हालला न्हाय. आसाच व्याही पायजे! बुद्धघोष, च्या सांग!"

साहेबराव उघडलेलं तोंड मिटून खाली बसले. चहा आला, पेढे वाटले गेले, साखरपुड्याची तारीखही ठरली. भागुबाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. साहेबरावांना आनंद झाला आणि त्याच वेळी लाजही वाटली. तात्याबाचं बरोबर होतं, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि आयुष्यात प्रथमच आपली तटस्थता त्यांना बोचली.

तात्याबानं चहा घेतला नाही. जाता जाता तो साहेबरावांपाशी वाकला.

"सर, तुमच्या अभ्यासात येवढं घाला. तटस्थाला च्या पाजनारा वरचाच आसतो."

 साहेबरावांनी कप खाली ठेवायला हात पुढं केला, तर भागुबाईंनी तो तिथंच धरला.

"प्या मुकाट्यानं," त्या पुटपुटल्या. "आधी लगीन हुंद्या, मग इराकचं बघू."