फक्त ओठ हलवायचे

“रिस्क नको, सितारामभाऊ,” सोसायटीचे सेक्रेटरी दिनानाथ म्हणाले. “प्रमुख पाहुणे येणार. पोरं बेसूर झाली तर इज्जतीचा फालुदा. स्टुडिओतून गाण्यांचा ट्रॅक रेकॉर्ड करून आणलाय. पोरांनी फक्त ओठ हलवायचे. जमत नसेल तर सांगा, हॉल योगावाले मागतायतच.”

महाप्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले सितारामभाऊ आठ महिने करंजाड्याच्या त्या हॉलमध्ये सोसायटीतल्या बारा मुलांना फुकट गाणं शिकवत होते. त्यातच त्यांची नात मैत्री. शाळेत हजेरीलाही तोंड न उघडणारी ही पोर इथे मात्र जात्यावरच्या ओव्या खणखणीत गाऊ लागली होती. ओव्या तिच्या पणजीच्या, बीडकडच्या. आपल्या आईच्या त्या ओव्या नातीने चार लोकांत गाव्यात, एवढीच मैत्रीच्या आजीची, चांगुणाबाईंची, इच्छा होती.

“आवो, पोर गानार हाय ना?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“गाणार, गाणार,” भाऊ म्हणाले. हॉल गेला असता तर वर्गच गेला असता, म्हणून त्यांनी शेपूट घातली होती. मग आठवडाभर त्यांनी एकच धडा घोटून घेतला, “काहीही होवो, आवाज काढायचा नाही आणि थांबायचं नाही!”

रविवारी सकाळी कार्यक्रम रंगला आणि दुसऱ्याच ओवीला लाइट गेली. स्पीकर मुका झाला. मुलं थांबली नाहीत. मान ताठ, हातवारे झोकात, बारा तोंडं उघडत-मिटत होती आणि हॉलमध्ये वरच्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“गा! अगं, गा!” भाऊ पडद्याआडून घशाला कोरड पडेपर्यंत कुजबुजले. आजोबा परीक्षा घेताहेत हे मैत्रीने बरोबर ओळखलं. ती गालातल्या गालात हसली आणि ओठ आणखी जोरात हलवू लागली.

शेवटी मुलांनी वाकून नमस्कार केला. पाहुणे उठून टाळ्या वाजवू लागले. “काय हा आत्मविश्वास! लाइट गेली, पण एक मूल डगमगलं नाही. संगीत मुलांना घडवतं ते असं! संस्कृती जपली जाते ती अशी!”

“पुढच्या वर्षीपण ट्रॅकच,” दिनानाथ भाऊंच्या कानाशी लागले. “हॉल तुमचा. टेन्शन नको.”

भाऊ खाली आले तर चांगुणाबाई पहिल्या रांगेत पांढऱ्याफटक बसल्या होत्या. “आवो, समदे टाळ्या वाजवत्यात. मला तर पैल्या ओवीनंतर कायबी ऐकू न्हाई आलं. कान गेले का वो माझे?”

खरं सांगायची हीच वेळ होती. भाऊ म्हणाले, “वय झालं आता. डॉक्टरला दाखवू.”

तेवढ्यात मैत्री धावत आली आणि भरल्या हॉलमध्ये, आयुष्यात पहिल्यांदाच, खणखणीत ओरडली, “आजोबा, एकदासुद्धा आवाज नाय काढला मी!”

चांगुणाबाईंनी सावकाश नवऱ्याकडे वळून पाहिलं.

“डॉक्टर ऱ्हाऊ द्या,” त्या म्हणाल्या. “हे आलं मला ऐकू.”