पाचव्या खुर्चीवरचा माइक

"दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहायला अक्कल लागते!" असं मिनोवा बायकोला दिवसातून एकदा तरी ऐकवत. फुसाए कप विसळता विसळता "पडाल" एवढंच म्हणे.

पहिली डगर सगळ्या मात्सुमोतो शहराला माहीत होती. मिनोवांचं कॉफीचं दुकान म्हणजे अभिजात संगीत ऐकायची जागा. नऊ खुर्च्या, नवांचीही तोंडं कपाटाएवढ्या दोन स्पीकरांकडे. दारावर पाटी: 'इथे फक्त रेकॉर्ड वाजते. डिजिटल नाही. बोलू नये.' गेली एकतीस वर्षं आत कोणी बोललेलं नव्हतं. कॉफी हवी? चिठ्ठी लिहा. अमुक सिंफनी हवी? चिठ्ठी लिहा. एकदा एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर गरम कॉफी सांडली, तर त्याने 'आई गं!' सुद्धा चिठ्ठीवर लिहून दिलं!

दुसरी डगर पडद्यामागे होती, आणि ती फक्त फुसाएला ठाऊक होती. दुकान बंद असलं की मिनोवा एकेका रेकॉर्डची डिजिटल नक्कल करून ठेवत. रेकॉर्ड झिजते, नक्कल झिजत नाही. आता अशी नक्कल साधी वायर जोडून करता येते. पण मिनोवा पडले शौकीन! "वायरीतून संगीत येतं, दुकान येत नाही!" म्हणून ते पाचव्या खुर्चीवर उशी ठेवत, उशीवर माइक बसवत आणि समोर रेकॉर्ड लावत. केलेली नक्कल मात्र त्यांनी कधी ऐकली नाही. बायको घरात असताना तिचा फोटो कोण बघत बसतो?

पाचवी खुर्ची कुरामोचीसानांची. वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त पियानो ट्यूनर. फुसाएने बशीत चमचा ठेवला की तो कुठल्या सुरात वाजला हे ते चिठ्ठीवर लिहून देत. तरुणपणी हामामात्सूला काम शिकताना त्यांनी महिनाभर एकवेळ जेवून एक व्हायोलिनची रेकॉर्ड घेतली होती. मुलाच्या घरी राहायला गेल्यावर तिथे ती वाजवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी ती मोठ्या विश्वासाने मिनोवांकडे ठेवली होती. दर बुधवारी दोन वाजता लोकरी टोपी कानांवर ओढून ते हजर! डिजिटल म्हटलं की त्यांचं डोकंच फिरे. "फुटलेली कपबशी चिकटवून चहा पितात लेकाचे!" असं ते म्हणत. अर्थात दुकानाबाहेर, फुटपाथवर.

तर जानेवारीतल्या अशाच एका बुधवारी मिनोवांना त्या रेकॉर्डच्या प्रेमाचं भरतं आलं. त्यांनी तिला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, पुसलं आणि वाळायला रॉकेलच्या स्टोव्हजवळ उभी करून कॉफी दळायला गेले. परत येऊन बघतात तो रेकॉर्ड भाजलेल्या सुक्या माकूळ मासळीसारखी वळलेली!

"अहो, हे काय?" फुसाएने विचारलं.

"रेकॉर्ड."

"ते दिसतंय. कुणाची?"

मिनोवा छताकडे बघू लागले.

"कुरामोचीसानांची? अहो, उपाशी राहून घेतलीय त्यांनी ती! आता आले की सरळ कमरेत वाका आणि माफी मागा."

"मागतो ना! पुढच्या बुधवारी मागतो. आजच्यापुरती नक्कल आहे की!"

"त्यांना कळलं तर?"

"अगं, एकतीस वर्षं तोल सांभाळलाय मी!"

दोनला कुरामोचीसान आले, पाचव्या खुर्चीत बसले. त्यांच्या डावीकडे सुगिउराबाई. या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका आणि दुकानातल्या शांततेच्या स्वयंघोषित पहारेकरी! बाकीच्या खुर्च्याही भरल्या. मिनोवांनी भलतीच एक रेकॉर्ड फिरत ठेवली, तिचा आवाज बंद केला, सुई टेकवल्याचं झकास नाटक केलं आणि पडद्यामागे जाऊन नक्कल सुरू केली.

आणि काय सांगावं! व्हायोलिन असं काही वाजलं की मिनोवांचेच डोळे पाणावले. सुईची ती बारीक खरखरसुद्धा जशीच्या तशी! कुरामोचीसान डोळे मिटून मान डोलवत होते. मिनोवांच्या छातीवरचा दगड उतरला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. नऊ माना दाराकडे वळल्या. दारात कोणी नव्हतं.

"अहो, मुळे मिळाले नाहीत, कोबी आणलाय!" फुसाएचा आवाज!

नऊ माना स्वयंपाकघराकडे वळल्या. सुगिउराबाईंनी फर्रकन चिठ्ठी लिहिली: 'मालकीणबाईंना आवरा.' आणि नेमक्या त्याच क्षणी मालकीणबाई ओठ घट्ट मिटून, हातात ट्रे घेऊन बाहेर आल्या. आवाज चालूच!

"अगोबाई, हा माइक कुरामोचीसानांच्या खुर्चीवर आणि रेकॉर्डही त्यांचीच? चोरून नक्कल करताय होय?"

लोक फुसाएच्या ओठांकडे बघत होते, मग स्पीकरकडे, मग पुन्हा ओठांकडे. आता स्पीकरमधून खुद्द मिनोवा बोलले, "बोल तू बिनधास्त. माइकचं तोंड पुढे आहे, मागचं त्याला ऐकू येत नाही."

"आणि त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? कान गेलेत त्यांचे! परवा सुई खराब होती, व्हायोलिन मांजरासारखं ओरडत होतं, तरी हे आपले मान डोलवतायत! भाताचा कुकर लावून दिला तरी रेकॉर्ड समजतील!"

मिनोवांनी पडद्यामागे उडी मारली आणि घाबरून भलतंच बटण दाबलं. नक्कल थोडी मागे गेली.

"कान गेलेत त्यांचे!"

पुन्हा दाबलं.

"कान गेलेत त्यांचे!"

शेवटी त्यांनी वायरच उपटली. दुकानात एकतीस वर्षांत नव्हती एवढी शांतता पसरली. प्लेअरवर भलती रेकॉर्ड आपली मुकाट्याने फिरत होती. कुरामोचीसान उठले, त्यांनी वाकून तिचं लेबल वाचलं आणि चिठ्ठी लिहिली: 'माझी रेकॉर्ड द्या. आज घरी नेतो.'

मिनोवांनी ती वाकडी रेकॉर्ड कॉफीच्या ट्रेमधून आणली आणि कमरेत वाकले. "कुरामोचीसान, माझी फार मोठी..."

"श्श्श!" आठ खुर्च्यांतून एकदम आवाज आला.

झालं! माफीसुद्धा लेखी मागायची वेळ आली. मिनोवांनी लिहिलं: 'वाळायला स्टोव्हजवळ ठेवली. आधी सांगायला हवं होतं. मी गाढव आहे.' कुरामोचीसानांनी चिठ्ठी वाचली, पेन्सिल मागून घेतली आणि शेवटच्या वाक्याखाली रेघ ओढली.

मग ते कितीतरी वेळ रेकॉर्डच्या रेषांवरून बोट फिरवत राहिले. बोट उंचवट्यावर चढायचं आणि खाली घसरायचं. ते बघताना मिनोवांना इतकी लाज वाटली की पाटी, नकला, ती अक्कल, सगळं उचलून नदीत फेकावं असं झालं. एवढ्या विश्वासाने ठेवलेली वस्तू आणि आपण तिच्यावर पडदा टाकून नाटकं करत बसलो!

कुरामोचीसान त्यांना बाही धरून पडद्यामागे घेऊन गेले. फुसाएही मागोमाग घुसली. तिथे त्यांनी पहिल्यांदाच टोपी काढली. दोन्ही कानांत भुईमुगाच्या दाण्याएवढी दोन यंत्रं! त्यांनी चिठ्ठी पुढे केली: 'बरोबर आहे तुमचं. तीन वर्षं झाली कान जाऊन. तेव्हापासून सगळं या डिजिटल डबड्यांतूनच ऐकतो. तुमच्या रेकॉर्डीसुद्धा! सुगिउराबाईंना सांगू नका.'

फुसाएने ट्रे तोंडावर धरला, पण तिचे खांदे गदगदा हलत होते. मिनोवांना हसावं की पुन्हा कमरेत वाकावं ते कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही अर्धं अर्धं केलं.

कुरामोचीसानांनी टोपी कानांवर ओढली, वाकडी रेकॉर्ड कोटाच्या आत धरली आणि निघाले. दारापाशी थांबून त्यांनी फर्माइशींच्या पेटीत एक चिठ्ठी टाकली. मिनोवांनी ती उघडली.

'पुढच्या बुधवारी हीच नक्कल लावा. व्हायोलिन छान. मालकीणबाईंचा आवाजही सुरेल. मालकांचा तेवढा काढता आला तर बघा. पाव सूर खाली लागलाय.'