दर तिसऱ्या महिन्याचं जळगाव

तोतारामभाऊंनी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन मुंबईत करून घेतलं आणि पहूरला मात्र हर्निया सांगितला. कॅन्सर म्हटलं की गाव तेराव्याच्या पंगतीचा अंदाज घ्यायला लागतं, आणि भाऊंना तर विकास सोसायटीचे चेअरमन व्हायचं होतं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "दर तीन महिन्यांनी रक्त तपासा. आकडा शून्याजवळ राहिला पाहिजे. चढायला लागला, तर रोग परतला समजा."

म्हणून दर तिसऱ्या महिन्याला भाऊ इस्त्रीचं धोतर नेसून जळगावला निघत. कुणी विचारलं तर म्हणत, "विहिरीच्या मोटारीचं सामान आणतो." संध्याकाळी परतत रिकाम्या हातांनी. चेअरमनकीचे दुसरे उमेदवार हिलालनाना यांनी ते बरोबर हेरलं.

"सामान जळगावातच ठेवलंय वाटतं भाऊंनी!" नाना पारावर म्हणाले.

आठवड्याभरात त्या ‘सामाना’ला गावाने मंदाबाई हे नाव दिलं, खोली दिली, शेवटी एक मुलगाही दिला.

भाऊ घाबरले, बायकोला म्हणाले, "अगं, खरं सांगून टाकू का?"

"काहून?" सुगंधाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "बाईपायी कोनाचं मत गेलं आजवर? दुखण्यापायी जाईन. मी ओट्यावर भांडते, तुम्ही निसती मान खाली घाला."

त्या अशा भांडल्या की तीन गल्ल्या गोळा झाल्या. फेकलेला तांब्या भाऊंच्या कपाळाला खरोखरच लागला. सुगंधाबाईंचा भाऊ मगन काठी घेऊन धावला. त्याला आत नेऊन खरं सांगावं लागलं, तेव्हा तो डोळे पुसतच बाहेर आला. गावाने ताडलं, प्रकरण फारच पुढे गेलेलं दिसतं.

पण पारावरची भाषा बदलली.

"साठीत बी गडी खमका हाये ब्वा!"

"दोन घरं चालवतो, सोसायटी काय जड त्याले?"

भाऊ दणक्यात निवडून आले. नाना पडले.

पुढच्या खेपेला जळगावच्या लॅबमध्ये चेअरमनसाहेबांनी रिपोर्ट उघडला. आकडा शून्याजवळच होता. त्यांनी सुस्कारा सोडून वर पाहिलं, तर उपरण्याने तोंड झाकून हिलालनाना आत शिरत होते. काखेत भाऊंसारखीच मुंबईच्या हॉस्पिटलची फाईल.

मग भाऊंनी बाकावर सरकून जागा केली.

"बसा नाना. तुमची बी मंदाबाई अठीच ऱ्हायते का?"

नाना बसले. फाईल मांडीवर पालथी ठेवली. मग भाऊंच्या कानाशी लागून म्हणाले, "भाऊ, गावात माझी बी बाईच सांगजा. पुढल्या निवडणुकीले कामी येईन."